मिसेस पेटिग्रूचं दार

सरीना गावच्या शाळेसमोर सकाळ-दुपार हातात गोल पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारी नोलीन क्राट्झमन गावाला दोन कारणांनी ठाऊक होती. तिची पाटी वर गेली की उसाने भरलेला ट्रकसुद्धा निमूट थांबायचा, हे एक. आणि तिच्या घराखाली एक कोळीण राहायची, जी सहसा कुणाच्या दृष्टीस पडायची नाही, हे दुसरं.

पोरं रस्ता ओलांडता ओलांडता विचारायची, "काल तरी दिसली का, मिसेस के?"

"दिसली की! म्हणजे तिच्या दारातली माती दिसली."

"परवा पण मातीच दिसली होती."

"परवाची वेगळी. काल दोन खडे नवे होते. चला, पाय उचला, घंटा होईल."

कोळिणीचं नाव मिसेस पेटिग्रू. जमिनीत खोल बीळ करून राहणारी टॅरँटुला, म्हणजे दांडग्या, केसाळ कोळ्यांतली. रंग भिजलेल्या लाकडासारखा, आणि पाय पसरले तर बशी झाकून जाईल एवढा घेर. नाव ठेवलं होतं नोलीनच्या नवऱ्याने, डडलीने, आपल्या तिसरीतल्या बाईंवरून. "त्याही फक्त ओरडायलाच दाराबाहेर यायच्या," असं तो सांगायचा. आणि ओरडण्याच्या बाबतीत ही मिसेस पेटिग्रूही कमी नव्हती. कुणी तिच्या मातीच्या टाकीला धक्का दिला की आतून अशी फुस्सकन शिट्टी यायची की येणाऱ्याने जिन्याची वाट धरावी.

डडली उसाच्या छोट्या रेल्वेवर ड्रायव्हर होता. गावामागच्या उतारावर रस्ता रुंद करताना उकरलेल्या मातीत त्याला ही नखाएवढी पोर सापडली. जेवणाच्या डब्यातून त्याने ती घरी आणली आणि नोलीनने तो डबा पुन्हा कधी वापरला नाही. पुढे त्या उतारावर घरं झाली, गॅरेजं झाली. तिथल्या मातीतलं जिवंत असं जे काही उरलं, ते क्राट्झमनांच्या खांबांवर उभ्या घराखाली, सावलीत, धुण्याच्या जुन्या सिमेंटच्या टाकीत भरलेल्या मातीत राहत होतं. वर जाळीचं झाकण आणि त्यावर एक वीट.

नोलीनला तिचं कौतुक होतं असं मुळीच नाही. वीस वर्षं ती त्या टाकीला वळसा घालून कपडे वाळत घालायची. तिचा जीव रमायचा तो गावच्या सभागृहात, हौशी मंडळींच्या नाटकांत. तिथे ती प्रॉम्प्टर होती. रंगमंचावर एकदाही आली नाही. विंगेतल्या बुटक्या स्टुलावर, मांडीवर संहिता आणि तोंडात आल्याची गोळी, अशी तिची जागा. गावातल्या किती नायकांची अब्रू तिने त्या काळोखातून हलक्या आवाजात वाचवली याचा हिशेब नाही, आणि शेवटी टाळ्या पडत तेव्हा ती गोळीचा कागद शोधत असे. नवखा प्रॉम्प्टर घाई करतो. नट थांबला की हा लगेच शब्द फेकतो, आणि नटाने मुद्दाम घेतलेला, चांगला रंगलेला विराम मातीत जातो. नट विसरलाय की श्वास घेतोय, हे ज्याला कळलं त्याला ती कला कळली. नोलीनला ते कळायचं.

डडली गेला तेव्हा तिने ठरवलं, कोळीण देऊन टाकायची. जवळच्या मॅकाय शहरात हौसेने कोळी पाळणाऱ्यांची मंडळी जमते, तिथला डडलीचा मित्र कार्म झॅमिट टाकी न्यायला आला. कार्म माल्टाच्या घराण्यातला, बापजाद्यांपासून उसाची शेती. पोट पुढे, हात सतत हवेत, आणि बोलणं असं की पाटाचं पाणी. चार माणसांनी टाकी उचलली, दोन पावलं गेले, आणि आतून जी शिट्टी झाली, तिच्यासरशी चौघांनी एकदम टाकी खाली ठेवली आणि चौघं चार दिशांना. कार्म तर कपड्यांच्या दोरीत अडकला. अंत्यविधीनंतर नोलीन त्या दिवशी पहिल्यांदा हसली. डोळे पुसत म्हणाली, "राहू दे रे तिला. घरात कुणीतरी आवाज करणारं हवंच."

अशी ती मिसेस पेटिग्रूची झाली.

त्याला आता चार वर्षं झाली होती. या वर्षी ऊस तोडणी सुरू झाली, गावभर मळीचा गोड वास पसरला, आणि कार्मचा फोन आला. "नोलीन, अगं, बर्नार्ड वयात आला!"

बर्नार्ड म्हणजे कार्मचा नर. त्याच उताराच्या पलीकडच्या बाजूचा, त्याच जातीचा, कार्मने पिल्लापासून वाढवलेला. या जातीतली मादी पंचवीस वर्षंही जगते. नराचं तसं नाही. तो वयात आला की फार तर वर्षभर. खाणं सोडतो, पाय बारीक होतात, आणि उरलेला सगळा काळ चालत राहतो, कुणाच्या तरी दाराच्या शोधात. मंडळींमधला रिवाज ठरलेला: नर पाहुणा म्हणून मादीच्या घरी जायचा, पिल्लं झाली तर अर्धी नरवाल्याची, आणि मादीने नर खाल्ला तर नरवाल्याने तोंडातून ब्र काढायचा नाही.

"दुसरा नर सबंध जिल्ह्यात नाहीये," कार्म म्हणाला. "आणि तुझी बाईही काही तरुण नाही. आत्ता नाही तर कधीच नाही. फक्त एक सांग, तिने या वर्षी कात टाकली का? कारण लग्नानंतर कात टाकली तर सगळं मुसळ केरात. कातीबरोबर नराने दिलेलं सगळं निघून जातं."

"टाकली की," नोलीन म्हणाली. "ईस्टरच्या सुमाराला बिळाबाहेर पडलेली मला सापडली."

तिला त्या उत्तराची पक्की खात्री होती, आणि घोळ नेमका तिथेच होता.

ठरल्या संध्याकाळी कार्म आइस्क्रीमच्या डब्यात बर्नार्डला घेऊन आला, सोबत बायकोने, फिलोमेनाने केलेल्या गरम पास्टिझी, चीज भरलेल्या माल्टाच्या करंज्या. जिन्यावर नोलीनची नणंद ग्लेनिस बसली होती, चौथ्या पायरीच्या खाली न येण्याची शपथ घेऊन.

"नवरामुलगा डब्यातून आणि वऱ्हाड ट्रकमधून," ग्लेनिस म्हणाली. "आणि जेवणात कोण कोणाला खाणार आहे, ते नक्की आहे का?"

"ग्लेनिस, शुभ बोल," कार्म म्हणाला. "माझ्या हाताला घाम सुटलाय."

जाळी काढली. कार्मने बर्नार्डला बिळाच्या तोंडाशी सोडलं. तोंडाभोवती रेशमाच्या धाग्यांची झालर होती. तिला पाय लागताच बर्नार्ड थबकला. मग त्याने पुढचे पाय मातीवर आपटले. टरर्र. पुन्हा टरर्र. नोलीनच्या हातात लांब दांड्याचा चमचा होता, नराला वाचवायला. ती तो विसरूनच गेली. इतकी वर्षं तिने पडदा वर जाताना पाहिला होता, पण अशी नांदी कधी ऐकली नव्हती. खालून, मातीच्या पोटातून, उत्तर आलं. पुढचं सगळं दाराशीच, पाच मिनिटांत उरकलं, आणि बर्नार्ड अशा वेगाने मागे फिरला की कार्मने त्याला डब्यात झेलला.

"जिवंत आहे!" कार्म ओरडला. "नोलीन, जिवंत आहे गं!"

"कोण?" वरून ग्लेनिस.

महिन्याभरात मिसेस पेटिग्रूने बिळाचं तोंड मातीने आणि रेशमाने लिंपून बंद केलं. कार्म फोनवरच नाचला. बंद दार म्हणजे आत अंडी. पण अनुभवी माणसं एक गोष्ट हळूच सांगतात: बंद दार म्हणजे अंडी, किंवा कात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

एका रविवारी नोलीनने ईस्टरला सापडलेली ती कात काढली. चुरगळलेल्या बोळ्यासारखी ती तिने तशीच काचेच्या बरणीत ठेवली होती. डडली कात किटलीच्या वाफेवर मऊ करून टाचण्यांनी फळीवर पसरायचा. पिल्लं होणार, तर आईचं एवढं तरी नीट करून ठेवावं, म्हणून तीही बसली. ग्लेनिस चहा पीत समोर होती, खुर्ची मुद्दाम दूर सरकवून.

"हे काय, हिला सातच पाय?" ग्लेनिस म्हणाली. "कोळ्याला आठ असतात ना? डडलीने तुला कोळीणसुद्धा कमी मापाची दिली बघ."

नोलीनने मोजले. मग पुन्हा मोजले. मागचा डावा पाय बुंध्यापासून नव्हता.

तिने हातातली टाचणी खाली ठेवली. डडली असताना एकदा टाकीत वीट पडली होती, तेव्हा मिसेस पेटिग्रूचा तो पाय गेला होता. त्या वर्षी तिने टाकलेली कात डडलीने माती चाळून चाळून शोधली, सापडलीच नाही. पुढच्या कातींत पाय परत आला. चार वर्षांपूर्वी टाकी उचलली तेव्हा ती जाळीला धडकून शिट्टी मारत होती, ती आठही पायांवर. म्हणजे ही कात या वर्षीची नव्हतीच; या वर्षीची अजून टाकायची राहिली होती. कुठेतरी तळाशी पुरून ठेवलेलं जुनं लक्तर बाईंनी घर झाडताना बाहेर फेकलं होतं, आणि नोलीनने त्यावरून मुहूर्त काढला होता.

"तोंड का असं झालं तुझं?" ग्लेनिसने विचारलं.

"आत अंडी नाहीयेत, ग्लेनिस. ती आत कपडे बदलतेय."

फोनवर न सांगता ती कार्मच्या घरी गेली. सगळं ऐकता ऐकता हवेत फिरणारे त्याचे हात खाली आले.

"म्हणजे माझा बर्नार्ड फुकट नाचला," तो म्हणाला.

"चूक माझी आहे."

"चूक कुणाची का असेना, पुढं काय?" तो तिला न्हाणीघरात घेऊन गेला. तिथल्या गारव्यात बर्नार्डची पेटी होती. तो आता चालत नव्हता. एक पाय गळून गेला होता, पाठीवरचे केस झडले होते. "कात टाकून ती बाहेर आली, चार दिवस खाल्लं-प्यायलं, की पुन्हा एकदा भेट घालता येईल. पण ती कधी येणार? हा थांबेल का तोवर? नोलीन, ऐक. आपण दार उघडू. अगदी हलक्या हाताने, विणायच्या सुईने. कात टाकून झाली असेल तर दोन आठवडे वाचतील."

"आणि झाली नसेल तर?"

"तर पुन्हा लिंपू."

"कार्म, ती उताणी पडलेली असेल. दुधावरच्या सायीसारखी मऊ. मातीचं एक ढेकूळ अंगावर पडलं की संपलं."

"आणि काही केलं नाही तर हा संपेल! तुझी राणी, तुझं दार, सगळं तुझ्या कायद्याने. पण मरतोय तो माझा म्हातारा!"

"दार उघडणार नाही," नोलीन म्हणाली.

कार्मने न्हाणीघराचा दिवा बंद केला. तिला सोडायला फाटकापर्यंत आला नाही. पास्टिझी बांधून द्यायला निघालेली फिलोमेना नवऱ्याचं तोंड बघून स्वयंपाकघरात परत गेली.

त्यानंतर फोन नाही. नोलीन रोज सकाळी पाटी घेऊन रस्त्यावर जाण्याआधी आणि आल्यावर टाकीपाशी बसायची. पोरं विचारायची, "दिसली का, मिसेस के?" आणि ती नुसती पाटी वर करायची. दोनदा तिने विणायची सुई हातात घेतली. एकदा तर जाळीसुद्धा काढली. बर्नार्ड मेला तर उतारावरची ती जात तिच्या हट्टापायी संपली, असंच कार्म म्हणणार, आणि ते खोटंही नसणार. जाळी काढून ती तशीच बसून राहिली. समोर कोरड्या मातीचं बूच. विंगेत बसून तिने हजार विराम ऐकले होते, पण त्यात निदान नटाचं तोंड दिसायचं. इथे तेही नाही. शेवटी तिने जाळी लावली, वर वीट ठेवली, आणि सुई मुद्दाम ग्लेनिसला देऊन टाकली. "तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

"शहाण्या माणसांच्या घरी बाटली लपवतात," ग्लेनिस म्हणाली, पण सुई पर्समध्ये टाकली.

ऊसतोडणी सरत आली असताना एका सकाळी टाकीत मातीचा नवा ढीग होता. बुचाला भोक पडलेलं. आणि ढिगावर कात. ओलसर, चकचकीत. नोलीनने हात न लावता पाय मोजले. आठ.

तिने त्या संध्याकाळी एक झुरळ सोडलं. सकाळी तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. कात टाकल्यावर नवे दात कडक व्हायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं; तरी प्रत्येक सकाळी तिचा जीव खालीवर व्हायचा. मग एक दिवस झुरळ गायब झालं. पुढचं पण. तिने फोन उचलला.

फिलोमेना होती. "देवा, केलास का एकदाचा फोन! इथं माणूस न्हाणीघरातून बाहेर येत नाहीये. रंगाच्या कुंचल्याने त्या किड्याला थेंब थेंब पाणी पाजतो. तुझं नाव काढत नाही, आणि रोज जेवताना विचारतो, 'फोन वाजला होता का?'"

"तो जिवंत आहे?"

"कोणता?"

"फिलोमेना!"

"दोघंही. पाठवते त्याला."

कार्म आला. दाढी वाढलेली, डबा दोन्ही हातांत. 'कशी आहेस' नाही, काही नाही. जाळी काढून बर्नार्डला बिळाशी ठेवलं. आता त्याला सहाच पाय होते. तो जिथे ठेवला तिथेच बसला. रेशमाची नवी झालर त्याच्या पुढ्यात होती. एक पाय त्यावर टेकला, आणि त्याने मातीवर थाप दिली, इतकी हलकी की ऐकू आली की नुसती दिसली ते सांगता येऊ नये.

खालून काही नाही.

बर्नार्ड थांबला. पाय जवळ ओढून घेतले. कार्मने ओठ चावले आणि तर्जनी पुढे केली. मातीवर नखाने टिचकी मारून त्याच्या वतीने आपणच दार वाजवायचं त्याच्या मनात होतं.

नोलीनने त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती पुटपुटली. "तो विसरला नाहीये. श्वास घेतोय."

"नोलीन, त्याच्यात जीव..."

"श्शू."

दूर उसाच्या गाडीने शिट्टी दिली आणि तीही विरून गेली. वरती चौथ्या पायरीवर ग्लेनिसने कप खाली ठेवायचंसुद्धा टाळलं. मग बर्नार्डने पाय उचलले. टरर्र. या वेळी ऐकू आलं. थोडं थांबून पुन्हा, टरर्र. आणि तळातून, टाकीच्या सिमेंटपर्यंत पोचलेलं असं घुमणारं उत्तर आलं. मिसेस पेटिग्रू वर आली. नवी कोरी, मखमली काळी, म्हाताऱ्याच्या दुप्पट. तिने त्याला फाडून खाल्लं असतं तर रिवाजाप्रमाणे कुणी ब्र काढला नसता. तिने नुसते पुढचे पाय वर केले, आणि तो तिच्याखाली शिरला.

त्याला परत डब्यात घेताना कार्म लहान मुलासारखा रडला. "शाब्बास रे," म्हणत राहिला. "शाब्बास, म्हाताऱ्या." बर्नार्ड पुढे आठवडाभर न्हाणीघरात जगला आणि एका दुपारी पाय मिटून गेला.

दार पुन्हा बंद झालं. या वेळी कुणी कुणाला काही विचारलं नाही. नाताळ झाला, शाळेला सुट्टी लागली, पावसाने अंगणात तळं केलं. जानेवारीच्या शेवटी बुचात टाचणीएवढं भोक दिसलं. नोलीनने विजेरी धरली. आतल्या रेशमावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फिकट दाणे होते, आणि ते चालत होते.

कार्म लुंगीसारखा टॉवेल गुंडाळून, ट्रक तसाच चालू ठेवून आला. गुडघ्यांवर बसला. बघत राहिला. नाक मातीला लागेल इतका वाकला.

"त्यांच्यावर श्वास सोडू नकोस," नोलीन म्हणाली.

"अर्धे माझे," तो कसाबसा म्हणाला.

"आधी आईच्या दारातून बाहेर तर पडू देत."

ती बाहेर पडायला लागली तेव्हा दोघांनी घराखालच्या लांब टेबलावर औषधांच्या रिकाम्या डब्या मांडल्या. प्रत्येकीत ओली माती दाबून भरली, पेन्सिलीने मधोमध एक भोक पाडलं, आणि कुंचल्याच्या टोकाने एकेक पिल्लू एकेका भोकापाशी उतरवलं. भोकं कार्म पाडायचा आणि पिल्लं नोलीन उतरवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लेनिस आली. चौथ्या पायरीवर थांबली, मग, का कोण जाणे, पाचवी उतरली, सहावी उतरली, आणि टेबलापाशी येऊन उभी राहिली. टेबलभर डब्या. डब्यांत माती. प्रत्येक पिल्लाने रातोरात भोकाच्या तोंडावर मातीचे कण ओढून दार लावून घेतलं होतं. केसाएवढाही पाय कुठे दिसत नव्हता. आणि टेबलाच्या दोन टोकांना नोलीन आणि कार्म, हनुवटीखाली हात घेऊन, डोळे लावून बसलेले.

"काय बघताय?" ग्लेनिसने विचारलं.

"काही नाही," नोलीन म्हणाली.

"ते दिसतंय मला."

"एकसुद्धा दिसत नाहीये, ग्लेनिस," कार्म म्हणाला, आणि त्याचा चेहरा फुलून आला होता. "सगळी आत गेली. सगळीच्या सगळी!"

ग्लेनिसने एक खुर्ची ओढली. जराशी दूर ठेवली. मग जवळ सरकवली, आणि तीही बसून बघू लागली.